हैतीचा महिना आणि आमच्या घरातली हिंदी

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी शेजारीण मोबाईल पुढे धरूनच दारात उभी राहिली. ‘वाच, वाच,’ एवढंच म्हणत होती. चोआ चू कांगच्या आमच्या सिंगापुरी ब्लॉकमध्ये माझ्यापासून तिसरं दार तिचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेतून इथे आलेली, पण आईवडील मूळचे हैतीचे. ती ज्या राज्यात वाढली, तिथल्या सरकारनं मे हा हैतीच्या वारशाचा महिना म्हणून जाहीर केला होता. फोटोत सही-शिक्क्याचा कागद, मागे झेंडा आणि नटूनथटून आलेले लोक. ‘ही माझी आई,’ म्हणत तिनं फोटो मोठा करून एक निळी टोपी दाखवली. टोपीखालचं तोंड काही दिसत नव्हतं, तरी तिचे डोळे भरून आले होते. दुपारी भोपळ्याचं सूप करतेय, सगळे या, असं सांगून ती गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड.

त्याचं कारण आमच्याच घरात होतं. इथल्या शाळेत इंग्रजीबरोबर एक मातृभाषा घ्यावी लागते, आणि ज्या भाषांतून निवडायचं त्यांत मराठी नाही. म्हणून कागदोपत्री माझ्या लेकीची मातृभाषा हिंदी. पुढची शाळा ठरवणारी सहावीची परीक्षा दिसायला लागली आणि तोंडी परीक्षेच्या सरावात ती अडखळायला लागली, तेव्हा मी आणि नवऱ्यानं ठरवलं की परीक्षा होईपर्यंत घरात हिंदीच. ओळखीतल्या इतर मराठी घरांनीही हेच केलेलं. मातृभाषेत मार्क पडावेत म्हणून आईनं आपली भाषा गुंडाळून ठेवायची! दिवाळीपासून मी हे अगदी गंभीर चेहऱ्यानं करत होते.

एप्रिलमध्ये पुण्याहून बाबा आले. डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हा विमानप्रवास शेवटचा. नातीशी पोटभर गप्पा मारायच्या, एवढ्यासाठी ते आले होते, आणि पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना घराचा नियम सांगितला. त्यांनी चष्मा पुसला. मग नातीकडे वळून म्हणाले, ‘बेटी, पंखा जोर से मत लगाव, मेरा डोका दुखता है.’ ती हसून हसून लोळली. ‘आजोबा, डोका नहीं, सिर, ला!’ इथल्या पोरांसारखं वाक्याला ‘ला’चं शेपूट लावून ती म्हणाली. सुरुवातीला मजा वाटली. नंतर ती त्यांच्या चुका काढायची आणि ते वाक्य अर्धवट सोडून पेपर उघडायचे. ज्या माणसाला रिक्षावाल्याशीसुद्धा वाद घालताना कधी शब्द कमी पडला नाही, तो माझ्या घरात ‘हां’ आणि ‘नहीं’वर येऊन ठेपला. मी रोज बघत होते आणि मनाशी म्हणत होते, ऑगस्टमधल्या तोंडी परीक्षेपर्यंतच तर आहे. बाबांचं परतीचं तिकीट मात्र जूनचं होतं.

दुपारी बाबा आणि मी सूप प्यायला गेलो. लेक ट्यूशनला गेली होती. हिंदीच्याच. शेजारणीनं आमच्यासाठी सुपात मांस घातलं नव्हतं. ती सांगत होती, हैतीत हे सूप गुलाम शिजवायचे आणि मालक प्यायचे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्यांनी ते प्यायलं, आणि अजून दर नव्या वर्षाला पितात. बाबांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि आपल्या बँकेतल्या इंग्रजीत विचारलं, ‘घरी तुम्ही तुमची भाषा बोलता?’

‘क्रिओल? छे,’ ती म्हणाली. ‘आईनं बोलूच दिली नाही. शाळेत मागे पडाल म्हणायची. आता सरकारच मान देणार असं कळल्यापासून रोज मला क्रिओलमध्ये मेसेज पाठवते. मी ते फोनवर भाषांतर करून वाचते.’ हे सांगताना ती हसत होती. तिच्या आनंदात काही खोट नव्हती. उशिरा का होईना, आमचं नाव घेतलं, असं ती दोनदा म्हणाली.

मला राहवलं नाही. बाबांच्या कानाशी मी मराठीत पुटपुटले, ‘बैल गेला नि झोपा केला.’

‘तुझा अजून गोठ्यात आहे,’ बाबा म्हणाले आणि सूप पीत राहिले.

घरी आल्यावर मला बसवेना. घडी केलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घातल्या. भाजी आणायचं निमित्त काढून खाली गेले आणि भाजी न घेताच वर आले. नवऱ्याला गाठलं. तो म्हणाला, ‘तोंडी परीक्षेचे मार्क गेले तर पुढच्या शाळेचं काय? ते आधी सांग.’ त्याचंही खोटं नव्हतं, म्हणूनच मी त्याच्यावर जास्त खेकसले.

रात्री जेवायला बसल्यावर मी जाहीर करून टाकलं, ‘आजपासून घरात मराठी.’

‘बट माय ओरल, मम्मा?’ लेक म्हणाली.

‘होऊ दे काय व्हायचं ते. आजोबांना विचार, आमटी हवी का.’

ती डाव घेऊन त्यांच्याकडे वळली. ‘आजोबा, तुम्हाला...’ म्हणाली आणि थांबली. ‘आपको...’ मग माझ्याकडे बघून गोरीमोरी झाली. मराठी ती विसरली नव्हती, जिभेची सवय मोडली होती. आणि ती मोडली होती मीच. मी ओठ घट्ट मिटून बसले, सांगायचंच नाही, तिचं तिला सुचू दे म्हणून.

बाबांनी ताट पुढे सरकवलं. ‘हां बेटा,’ ते म्हणाले, ‘थोडा डालो.’

‘बाबा, मराठीत!’ मी जवळजवळ ओरडलेच.

‘ओरडू नकोस,’ ते शांतपणे म्हणाले. ‘मराठी तिला तू शिकव, तुझ्या हातात पुष्कळ वर्षं आहेत. मला हिच्याशी बोलायचंय.’