निरंक उपवास

उपवास करून वजन वाढवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. नात्याने ते माझे साडू. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय संकष्टी आणि दोन्ही एकादशा, असं धरलं तर महिन्यातले निम्मे दिवस हा माणूस कागदोपत्री उपाशी असे. तरीही दर दिवाळीला त्यांच्या पँटी कंबरेत सैल करायला शिंप्याकडे जात. शेवटी शिंप्याने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आता आतलं कापडच संपलं." साडूंनी त्यावर शिवणकामाचा दर्जा हल्ली कसा घसरलाय हे त्याला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं.

त्यांची सगळी नोकरी सरकारी पाणीपुरवठ्यात गेली. निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि 'पाणीदार व्यक्तिमत्त्व' ही पदवी मिळाली. समोरच्या टेबलावरचं पाणी मात्र टँकरचं होतं. निवृत्तीनंतर योजना संपल्या, पण भाषा काही संपली नाही. रक्तदाब म्हणजे त्यांच्या मते पाइपातला दाब, पोट म्हणजे साठवण तलाव. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला फोनवर "सदर मुलगी अनुरूप आहे" असं कळवलं होतं. घरात दुधाच्या पातेल्यापासून देवाच्या फुलांपर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंदवही होती, आणि जिथे लिहिण्यासारखं काही नसेल तिथे ते सरकारी वळणाने 'निरंक' लिहीत. पाऊस, निरंक. पाहुणे, निरंक.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराचं नाव तेव्हा जुनं होतं, वस्ती मात्र रोज नवी होत होती. गारखेड्यात जिथे साडूंनी घर घेताना ज्वारीचं शिवार पाहिलं होतं, तिथे आता चार मजली इमारतींनी एकमेकींच्या खिडक्यांत डोकावायला सुरुवात केली होती. लिफ्ट कुठल्याच इमारतीला नव्हती आणि नळाला पाणी पाचव्या-सहाव्या दिवशी. साडू तिसऱ्या मजल्यावर राहत आणि इमारतीच्या पाण्याचे अनभिषिक्त प्रमुख होते. रोज सकाळी ते गच्चीवर जाऊन टाकीत वेळूची काठी बुडवत, ओल कुठवर आली ते पाहत आणि जिन्यात उभं राहून चारी मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पातळी जाहीर करत. ही काठी घेऊन ते चढू लागले की गुडघ्यांतून असा आवाज येई, की पहिल्या मजल्यावरच्या बाई पापड कोण भाजतंय म्हणून दार उघडून बघत. मुकुंदवाडीहून टँकर घेऊन येणारा ड्रायव्हर त्यांना खालून ओरडून सांगे, "साब, आप ऊपर कू नक्को चढो, टाकी कहीं भागी नहीं जा री!" साडू वरून उत्तर देत, "टाकी नाही, पाणी जातंय!"

हळूहळू गच्ची बंद झाली. मग भाजी आणणं बंद झालं. मग देवपूजेला खाली मांडी घालणं बंद झालं आणि देव्हारा टेबलावर चढला. एकदा मी गेलो तेव्हा साडू खुर्चीत बसून, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, एखाद्या बंद पडलेल्या पंपाचं निदान करावं तसं म्हणाले, "साडूभाऊ, वंगण संपलंय. बाकी यंत्रणा उत्तम आहे." वंगणाचा उपायही त्यांनीच शोधला होता: डिंकाचे लाडू. साजूक तूप, गूळ, खारीक, खोबरं, मेथी. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. माझ्या मेव्हणी, म्हणजे आमच्या ताई, ते वळून वळून थकल्या होत्या. लाडू उत्कृष्ट होते हे मी स्वानुभवाने सांगतो. माझे गुडघे ठीक असूनही मी दर भेटीत खबरदारी म्हणून एक खात असे.

वंगण पडत राहिलं आणि गुडघे बिघडत गेले. तेव्हा पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने विषय काढला. त्याच्या इमारतीला दोन लिफ्ट होत्या. त्याने सांगून टाकलं, की संक्रांतीपर्यंत बाबा जिना चढू-उतरू लागले तर ठीक, नाहीतर हे घर विकून दोघांनी पुण्याला यायचं. गिऱ्हाईक त्याने पाहूनही ठेवलं होतं. मुलगा वाईट नव्हता, बरोबरच बोलत होता, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. साडू मला एकट्याला म्हणाले, "तिथे मी कोण? अमक्याचे वडील. इथे निदान टाकीत पाणी किती आहे हे लोक मला विचारतात."

मग त्यांनी ठरवलं की दोन्ही गुडघे बदलून घ्यायचे. ते शस्त्रक्रिया म्हणत नसत, 'नूतनीकरण' म्हणत. फाइल उघडली, पंचांग पाहिलं, नातेवाइकांना कळवायच्या पत्राचा मसुदा तयार झाला. मी त्यांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. तीन मजले उतरायला वीस मिनिटं लागली. डॉक्टर म्हणजे सिल्लोडकडच्या एका मेंढपाळ घरातली मुलगी, नुकताच दवाखाना थाटलेली. पाटीवर नाव आणि एक पदवी. साडूंना पाटी फारच लहान वाटली. मला तीच आवडली.

"काका, गोड खाता का?" तिने विचारलं.

"अजिबात नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

तिने रक्ताच्या रिपोर्टकडे पाहिलं, मग साडूंच्या पोटाकडे. "मग ही साखर आली कुठून?"

"तेच तपासायला आलोय," साडू म्हणाले.

साखर इतकी होती की तिने ऑपरेशनला हातच लावायला नकार दिला. जखम चिघळेल, म्हणाली. आधी साखर खाली आणा, वजन उतरवा, मग बघू. साडूंना हे विषयांतर वाटलं. "गुडघ्याचं काम आहे, त्यात साखरेचा काय संबंध? वजनाचा भार पडतो हे मला मान्य आहे. तो लोडचा प्रश्न झाला."

"काका, हाताची बोटं दुखतात का? सकाळी आखडतात?"

"दुखतात की."

"बोटांवर चालता का?"

साडूंनी बोटं उघडमीट करून पाहिली. तिने सावकाश सांगितलं, की गुडघा वयाने झिजतो, वजनाने झिजतो, हे खरंच. पण पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही, ती रक्तात बारीक जळजळ सोडत राहते. साखर, दाब, कोलेस्टेरॉल हे सगळं बिघडलं की ते रक्त जिथं जाईल तिथं, सांध्यातसुद्धा, त्रास देतं. "सगळं त्यानंच होतं असं नाय. माझे वडील अजून मेंढरांमागं फिरतात, त्यांचे गुडघे पण लई दुखतात. पण साखर नाय, पोट नाय, म्हणून निभतंय."

साडूंनी डोळे मिटून विचार केला. "म्हणजे वॉल्व खराब नाही. स्रोतच दूषित आहे."

"व्हय. तसंच समजा."

तिने महिनाभर काय खाल्लं ते लिहून आणायला सांगितलं आणि घरच्या घरी बोट टोचून साखर मोजायला लावलं. लिहिण्याचं काम मिळाल्यामुळे साडूंची कळी खुलली. आता हा महिना नेमका श्रावणाचा निघाला. महिन्यानंतर त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर फुलस्केप वही ठेवली: अनुक्रमांक, दिनांक, सेवन केलेले पदार्थ, साखर, शेरा. डॉक्टर पानं उलटत गेली आणि तिच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. सोमवार, निरंक. गुरुवार, निरंक. शनिवार, निरंक. संकष्टी, निरंक.

"काका, ज्या दिवशी तुम्ही काहीच खात नाय, त्याच दिवशी साखर सगळ्यात जास्त. असा पेशंट मी पहिल्यांदा बघतेय."

"आमच्या घराण्यातच तसं आहे," साडू किंचित अभिमानाने म्हणाले.

इथे ताईंचा चाळीस वर्षांचा संयम सुटला. "अगं बाई, निरंक कसलं घेऊन बसलीस! सकाळी परातभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर अन् दाण्याची आमटी, चार वाजता बटाट्याचा कीस, रात्री रताळ्याच्या गोड फोडी. वरून दोन केळी."

"तो फराळ आहे," साडू म्हणाले. "सेवन नव्हे."

"अन् लाडू?" ताईंनी विचारलं.

"ते औषध. त्याला स्वतंत्र रकाना आहे. पान उलटा."

डॉक्टरने पान उलटलं. तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: डिंकाचे लाडू, गुडघ्याच्या वंगणार्थ, नग चार. तिने पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. हसू आवरत होती हे स्पष्ट दिसत होतं. साडू मात्र खोटं बोलले नव्हते, हे मी तिला सांगणार होतो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उपवासाचं खाणं हे खाण्यात धरलेलंच नाही. त्यांनी फक्त ते नियमानुसार नोंदवलं होतं.

"तूप गुडघ्यात जात नाय, काका," ती शेवटी म्हणाली. "आधी पोटावर थांबतं, अन् तिथनं पुढं निघतच नाय. लाडू बंद. उपवास सोडू नका, खिचडी सोडा."

"मग उपवासात राहिलं काय?" साडूंनी खरोखर कळवळून विचारलं.

"देव राहिला," ताई म्हणाल्या.

पुढचे चार महिने त्या घरात जे झालं त्याला तपश्चर्या म्हणणं मला आवडणार नाही, कारण साडूंनी तो शब्द स्वतःच खूप वापरला. उपवासाला ताक, काकडी, मूठभर दाणे. एरवी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम होता, त्याला ते कालव्याच्या पाण्यासारखं 'आवर्तन' म्हणत: उजवा पाय दहा, डावा पाय दहा. चालणं सुरुवातीला जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटला एक फेरी. फेऱ्या वाढल्या तशा प्लॉटवर नव्या इमारतीच्या पायाचे खड्डे खोदले गेले, आणि ते दुसरा मोकळा प्लॉट शोधत आणखी लांब चालू लागले. वहीतल्या कोजागरीच्या पानात मी एकदा डोकावलो. पदार्थांत 'बासुंदी, दोन वाट्या' आणि शेऱ्यात एकच शब्द: 'मोह'. निरंक हा शब्द वहीतून गेला होता. मी ती वही मिटली तेव्हा मला प्रथमच वाटलं की हे जमेल कदाचित. संध्याकाळी घरी जाऊन मीही माझं रक्त तपासून घेतलं. निकाल सांगण्याची इथे गरज नाही. लाडू मीही सोडले.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी पुन्हा दवाखाना. या वेळी उतरायला आठ मिनिटं. साडूंची पँट कंबरेत दोन ठिकाणी पिनेने धरलेली होती. डॉक्टरने रिपोर्ट दोनदा वाचला.

"आता ऑपरेशन करता येईल, काका. साखर चांगली खाली आली. पण आधी सांगा, करायचंय का? किती दुखतं?"

ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. भाषण न करता त्यांनी उत्तर दिल्याचं मी पाहिलेलं हे एकच उदाहरण. "चढताना दुखतं. उतरताना जास्त. पण थांबत थांबत होतं. काल गच्चीवर जाऊन आलो."

"कुणाला न सांगता?" ताई ओरडल्या.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस का?"

"मग आत्ता नको," डॉक्टर म्हणाली. "झिजलेलं परत भरत नाय, हे लक्षात ठेवा. पुढं कधी लागलं तर करू. पण आज तुमचं तुमच्या पायांवर भागतंय."

गाडीत बसल्यावर साडूंनी मुलाला फोन लावला. "नूतनीकरण स्थगित. जिना चालू आहे. सदर गिऱ्हाइकास नकार कळवावा." तिकडून मुलगा बराच वेळ काहीतरी बोलत होता, मग तो सुटल्यासारखा हसल्याचा आवाज आला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागच्या सीटवरून ताई म्हणाल्या, "मग यंदा वर्षाची ज्वारी भरून ठेवायला हरकत नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेलं अर्धं वर्ष या बाईने घरात किलोच्या वर काही आणलेलं नव्हतं.

घरी पोचलो. मी औषधांची पिशवी घेऊन मागून चाललो होतो. साडू कठडा धरून एक एक पायरी चढत होते, आधी डावा पाय, मग उजवा त्याच पायरीवर. ताई त्यांच्या चार पायऱ्या पुढे. सत्तरीला आलेली ती बाई अजून तिसऱ्या मजल्यावर एका दमात जाते, मला माहीत आहे. पहिल्या वळणावर ती थांबली, भिंतीला टेकली, श्वास घेतल्यासारखं केलं.

"दमलीस?" साडूंनी खालून विचारलं.

"हो. जरा."

"मग थांबू दोन मिनिटं," ते म्हणाले, आणि कठड्यावर हात ठेवून मोठ्या समजूतदारपणे उभे राहिले. मीही खालच्या पायरीवर थांबलो.