न मावळलेला सोमवार

अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरातून निघाले तेव्हा माझा देवावरचा विश्वास पार डळमळला होता, हे आधीच सांगते. लंडनला माझ्या एकुलत्या लेकीचा रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून बाळंतपण करायचं ठरवलं होतं. तिच्यासाठीच तर मी सोळा सोमवार धरले होते. एवढं करूनही हे का, असं मी सकाळी देवळात जाऊन शंकराला विचारलंसुद्धा.

विमान दुपारचं होतं आणि वार नेमका सोमवार. जावई फोनवर म्हणाले होते, सात हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे, दहाएक तास लागतील, तुम्ही आपल्या निवांत झोपा. मी मात्र मनाशी वेगळंच ठरवलं होतं. सूर्य मावळला की जागेवरच हात जोडायचे आणि प्रसादाचा चुरमा खाऊन उपवास सोडायचा. पण घाईत चुरम्याचा डबा मोठ्या बॅगेत भरला, आणि ती बॅग गेली विमानाच्या पोटात. एवढी हुशार मी!

तास गेले, तरी खिडकीतलं ऊन हलेना. आम्ही पश्चिमेला धावत होतो आणि सूर्य आमच्याही पुढे. मला साखरेचा त्रास. सकाळी गोळी घेतलेली, पोटात नुसता चहा. हात थरथरायला लागले, घाम फुटला. आलेलं जेवण मी दोनदा परत पाठवलं होतं. दिवसाउजेडी उपवास सोडला आणि लेकीचं काही बरंवाईट झालं तर? आणि नाही सोडला तर मीच आडवी होणार, मग तिच्याजवळ कोण बसणार? मला रडू यायला लागलं.

शेजारी उल्हासनगरच्या एक सिंधी बाई होत्या, मुलाकडे निघालेल्या. त्यांनी माझा गार पडलेला हात धरून काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, हा टाइम आपल्या तिकडचा ना? मंदिरात तर कधीची आरती झाली. भगवान वहीं बैठे हैं, तुम्ही इथल्या उन्हाला काय विचारता?"

मग त्यांनी पिशवीतून मुलासाठी केलेली जाडसर गोड पोळी काढली. लोलो म्हणतात तिला. आत काय आहे विचारलं, तर कणीक, गूळ आणि तूप. चुरम्यात तरी दुसरं काय असतं? मी डोळे मिटले, हात जोडले आणि लखलखीत उन्हात उपवास सोडला. त्या बाईंच्या शहाणपणाचं मला आजही नवल वाटतं. माझा इतक्या सोमवारांचा नेम त्यांनी मोडू दिला नाही आणि मलाही मोडू दिलं नाही. हे योगायोगाने झालं की आणखी कशाने, या वादात मी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला आत नेईपर्यंत मी तिचा हात धरून चालत होते. दार बंद झालं. सवयीने देवाकडे मागायला हात जोडले, पण काही मागावंसंच वाटेना. "तुझीच आहे, तू सांभाळ," एवढंच म्हणाले. बऱ्याच वेळाने आतून नातीचं रडणं ऐकू आलं, लेकही सुखरूप होती. पण खरं सांगते, माझं मन त्याच्या आधीच शांत झालं होतं.