पाठवणीची चाल

आमच्या धाराशिव भागात नवरी सासरी निघाली की बँडवाले एक चाल वाजवतात. पुढं कुणीतरी तिला शब्द लावले, कॅसेट निघाली, कॅसेटवर 'पारंपरिक' असं छापून आलं. त्या चालीत मध्येच सगळी वाद्यं थांबतात. श्वासभर काहीच वाजत नाही, मग पुढची ओळ येते. नेमका तेव्हाच बायकांना हुंदका फुटतो. ती जागा कुणा मोठ्या कलावंतानं मुद्दाम ठेवली, असं लोक म्हणतात.

ती जागा माझ्यासाठी होती.

येडशीजवळच्या आमच्या खेड्यात माझी आई पत्रावळी लावायची. वडील मी लहान असतानाच गेले होते. लग्नसराईच्या आधी पळसाची पानं आणायला मी रामलिंगाच्या रानात जायची आणि माझ्यासंगं शेजारची मैत्रीण असायची. तिचे वडील सनई वाजवायचे. घर मुसलमानाचं, पण रामलिंगाला श्रावणी सोमवारी सनई त्यांचीच आणि गावातल्या प्रत्येक लग्नातही त्यांचीच. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा.

रान दाट होतं. पानं तोडता तोडता आमची फाटाफूट व्हायची. नावानं हाक मारायची नाही, अशी आईची ताकीद होती. रानात नाव घेतलं की भलतंच कुणी ओ देतं, म्हणायची. म्हणून मैत्रिणीनं एक चाल बसवली. अर्धी ती गुणगुणायची आणि थांबायची. मी ओ दिली की उरलेली अर्धी म्हणायची. सुरुवातीला मीही गाऊन उत्तर द्यायची, तर ती पोट धरून हसली.

"तू गाऊ नको गं, पाखरं उडून जातेत. नुसतं 'व्हय' म्हण."

तेव्हापासून त्या थांब्यात मी 'व्हय' म्हणू लागले.

घरी अंगण झाडतानाही ती तेच गुणगुणायची. चाचांनी एक दिवस ती चाल सनईवर घेतली आणि मला हसत म्हणाले, "हिला मधी भोक हाय की. भरून टाकू का?"

"नक्को अब्बा," आतून ती ओरडली, "तिथं ती बोलती."

तिचं लग्न लोहाऱ्याच्या बाजूला एका वाडीवर ठरलं. बापानं लेकीच्या लग्नात कशी वाजवायची, म्हणून दुसरे वाजंत्री बोलावले होते. ती छकड्यात बसली तेव्हा तिचं रडणं थांबेना. चाचा कोपऱ्यात उभे होते. ते पुढं आले, वाजंत्र्याच्या हातातली सनई घेतली आणि तीच रानातली चाल धरली. मध्ये थांबले. मी बायकांच्या घोळक्यातून मोठ्यानं म्हणाले, "व्हय!" ओढणीच्या आत ती रडता रडता हसली, ते मला तिच्या खांद्यांवरून कळलं. छकडा निघून गेला. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न होऊन मी येरमाळ्याला आले. पहिलटकरीण असल्यानं तिला येता आलं नाही. माझ्या पाठवणीलाही चाचांनी तीच चाल वाजवली. लोकांना ती आवडली, पण तेव्हा ती आमच्या गावापुरतीच होती.

मग ते वर्ष आलं. पावसाळ्याआधी आम्ही हत्यारबंद टोळ्यांच्या भीतीनं बोचकी घेऊन बार्शीकडं पळालो होतो. पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. आम्ही परतलो, घरोघर गूळ वाटला. पण भीती कुठं गेली नव्हती, तिनं फक्त घरं बदलली होती. बाहेरून आलेल्या एका जमावानं मैत्रिणीच्या सासरची वाडी पेटवली. तिचा नवरा आणि सासरा दारातच पडले. ती तान्ह्या लेकराला घेऊन उभ्या पिकात शिरली, एवढं एका म्हातारीनं पाहिलं. पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चाचा सनई घेऊन निघाले. दिवस वाईट आहेत, जाऊ नका, म्हणून माझ्या आईनं त्यांची वाट अडवली. ते काय म्हणाले, ते आई मला पुन्हा पुन्हा सांगायची.

"वहिनी, तिचं नाव घेऊन कुठं हाक मारू? आमची नावं ऐकली की लोकांची नजर बदलती. आन ती भ्याली असंल, कुणाच्या हाकेला येणार न्हाय. चाल तेवढी ओळखंल."

ते गावोगाव फिरू लागले. विहिरीवर, शेताच्या बांधावर, पडक्या मशिदीपाशी उभं राहायचं, अर्धी चाल वाजवायची आणि थांबायचं. कान देऊन ऐकायचं. मग उरलेली वाजवून पुढच्या गावाची वाट धरायची. कुणी भाकर दिली, कुणी हाकलून लावलं. काहींना वाटलं, वेड लागलंय.

चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरली. मी दुपारी धुणं वाळत घालत होते आणि ती चाल कानावर आली. हातातलं लुगडं तसंच टाकून मी धावले. देवळाच्या वाटेवर चाचा उभे होते. दाढी पांढरी झाली होती, गालाची हाडं वर आली होती. त्यांच्याभोवती संबळवाले आणि दोन-तीन सनईवाले जमले होते.

त्यांतला एक म्हणाला, "चाचा, लई गोड हाय ही. आमाला शिकवता का?"

"शिका," चाचा म्हणाले. "जितके लोक वाजवतील तितकं बरं. कुठंतरी तिच्या कानावर पडंल. पर मधी थांबायचं. थांबल्याबिगर वाजवायची न्हाय."

त्यांनी त्या माणसांना तिथंच बसून शिकवलं. कुणी चुकून तो थांबा भरला की चाचा त्याचा हात धरायचे. यात्रा उलगल्यावर ती माणसं आपापल्या गावी गेली आणि चाल त्यांच्यासंगं गेली. पुढं लोक ती पाठवणीला वाजवत राहिले, मुळात कशासाठी होती ते विसरले.

मी चाचांना घरी आणलं. सासू काय म्हणेल, अशी धास्ती होती. सासूनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, स्वतः तांब्या भरून आणला आणि ओसरीवर ताट वाढलं. त्यांनी अर्धी भाकर खाल्ली, उरलेली रुमालात बांधली.

"चाचा, आता घरी जावा. चाची एकटी हायेत."

"जातो की. लातूरच्या अंगाची थोडी गावं राह्यलीत."

पुढच्या पावसाळ्यात तिकडच्याच एका गावात ते तापानं गेले. गावकऱ्यांनी दफन केलं आणि सनई निरोपासंगं घरी पोचवली.

चाची कधीच शोधायला गेल्या नव्हत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी गेले आन ती आली, तर दार कोन उघडंल?" कितीतरी वर्षं त्यांनी दाराला कडी लावली नाही. शेवटी नजर गेली, तेव्हा भाचा त्यांना गुलबर्ग्याला घेऊन जायला आला. मी माहेरी होते. आई आणि मी येडशीच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडीत बसल्यावर चाचींनी चाचपडत आईचा हात धरला.

"वहिनी, ती आली तर आधी जेवायला घाला. बापाचं मग सांगा."

आई "हो" म्हणाली. गाडी गेल्यावर आम्ही गावात परतलो. आईनं पदर खोचला, शेण कालवलं आणि चाचींची ओसरी सारवायला घेतली. तिचे हात चालायचे तोवर प्रत्येक सणाला तिनं ती सारवली.