ओटाकारचं पॅकेज

रादिमचा थोरला भाऊ क्विडो चेकियातल्या ब्रनो शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात होता. पक्षाघातानं त्याची वाचा नेली होती. पडद्यावरच्या चित्रांवर तो बोटाचं पेर टेकवायचा आणि यंत्र त्याच्या वतीनं बोलायचं. हिवाळ्यात तो पडदा बिघडला. नवा आला, पण त्याला क्विडोचा स्पर्शच कळेना.

स्पर्श ओळखणारी नवी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांनी वापरायचा आज्ञावलींचा संच, तयार होती. लिनक्स या मोफत संगणकप्रणालीच्या ज्या वितरणासाठी रादिम वर्षानुवर्षं बिनपगारी राबत होता, त्यात ती आणायचं कामही त्याच्याच गळ्यात होतं. मात्र तिच्यावर विसंबलेली सगळी पॅकेजं, म्हणजे वितरणातले एकेक प्रोग्राम, नव्यानं बांधून एकदमच आत जावी लागत. एकाचा पाय अडकला, की बाकीची उंबऱ्यावर ताटकळत. रविवारी रात्री नव्या आवृत्तीचं दार बंद होणार होतं, ते पुढली दोन वर्षं. आणि शुश्रूषागृह सांभाळणाऱ्या श्विहालोवाबाई अधिकृतपणे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीखेरीज यंत्रात काही घालू देत नसत.

सगळी पॅकेजं बांधून झाली. राहिलं एक, ओस्त्रावाच्या ओटाकारचं, चित्रं रंगवायचं. ओटाकार पत्रांना उत्तर देत नव्हता. रादिमनं दोन ओळींची दुरुस्ती स्वतःच केली. पण दुसऱ्याच्या पॅकेजला हात लावायचा, तर दुरुस्ती रांगेत ठेवून मालकाला हरकतीची मुदत द्यायची, अशी त्यांच्यातली रीत. घाई असली तर मुदत न देण्याचीही मुभा होती. रादिमनं शनिवारपर्यंतची दिली. ओटाकारची बायको मिलुश्का नुकतीच वारली होती. अशा घरात न विचारता शिरायचं त्याच्या जिवावर आलं.

शनिवारी रात्री मुदत संपून दुरुस्ती आत गेली आणि एका जुन्या जातीच्या संगणकावर बांधणी कोसळली. सावरायला दिवसच उरला नव्हता.

"एक दिवस दे, यार्मिला," त्यानं रविवारी सकाळी आवृत्तीचं प्रकाशन सांभाळणाऱ्या बाईला फोन केला.

"तुला दिला, तर उद्या सगळं गाव दारात उभं राहील. दोन ओळींसाठी मुदत कसली देतोस? सौजन्याचा पुतळा!"

"पॅकेज त्याचं आहे."

"मग ते या आवृत्तीतून काढ. बाकीची आपोआप आत जातील. संध्याकाळपर्यंत सांग."

त्यानं ओटाकारला फोन लावला. लागेल असं वाटलं नव्हतं.

"काढ," ओटाकार म्हणाला. "त्यातले सगळे कुंचले मिलुश्कानं रेखले होते. काढून टाक."

"तुझी हरकत असेल, तर..."

"गाढवा, विचारतोस कशाला? न विचारता काढलं असतंस, तर मला तुझ्यावर रागावता तरी आलं असतं."

फोन बंद झाला. रादिमनं काढण्याची विनंती लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि पाठवली. संध्याकाळी सगळी पॅकेजं एका रांगेत आत गेली. यार्मिलानं नुसतं "झालं" एवढंच कळवलं.

उन्हाळ्यात आवृत्ती निघाली. श्विहालोवाबाईंनी ती यंत्रात घालू दिली. रादिम कोलाच, म्हणजे खसखशीचे गोड पाव, घेऊन भावाशेजारी बसला. क्विडोनं पुडीकडं पाहिलंही नाही. त्याचं पेर चित्रांवरून सरकलं आणि कौलारू छपराच्या चित्रावर टेकलं.

"घरी," यंत्र म्हणालं.

"दादा, जिने आहेत ना. चौथा मजला. तुला कसं उचलू?"

"घरी."

"दादा, ऐक ना."

"घरी," यंत्र म्हणालं, अगदी स्वच्छ, न अडखळता. पेर उचललं गेलं आणि पुन्हा तिथंच खाली आलं.