चौकातला फ्लेक्स
उन्हात तापलेल्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला साखरखेर्ड्याचा चौक आठवतो. तिथं माझा फोटो लागला होता, हातात धनुष्य, गळ्यात ज्युनिअरचं पदक आणि वर मोठ्या अक्षरांत ‘गावची शान’. फोटोतली मी हसत होते आणि खरी मी सिनिअरच्या शिबिरातून घरी परतले होते, कारण दोरी हनुवटीपर्यंत ओढली की माझी बोटं ती सोडायलाच तयार नसत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात ठीक आहे, मन थकलंय. पण दळणाला निघाले तरी त्या फ्लेक्सखालून जावं लागे, आणि पारावरून कुणीतरी विचारेच, “आता मोठं मेडल कवा आणतं वं?” मी आधी दळणाला जाणं सोडलं, मग जेवणही. घरामागच्या खळ्यात कापलेल्या सोयाबीनची सुडी रचलेली होती. एका दुपारी आभाळ भरून आलं, तसे बाबा विळा घेऊन चौकात गेले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापू लागले. चौक घरासमोरच, मी दारातून पाहत होते. “काऊन काढून राह्यले, भाऊ? पोरगी हरली काय?” पारावरून आवाज आला. “आभाळ पाहा ना,” बाबा म्हणाले, “सुडी झाकाची हाय.” घरात नवी कोरी ताडपत्री होती. तरी त्यांनी माझा चेहरा खाली करून फ्लेक्सच सुडीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या. आता मी पोरींना तिरंदाजी शिकवते. एखादी जिंकली की गावकरी हौसेनं फ्लेक्स घेऊन येतात. मी एवढंच विचारते, “लावा, पण उतरवणार कोण?”