अझीमभाईंचा हात

अझीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका जीपखाली होतो. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता उदगीर रोडवरच्या अवघड गाड्या माझ्याकडंच येतील. त्यांचा चाळिसावा दिवस झाला, तरी त्या विचाराची लाज गेलेली नाही.

आम्ही दोघं लातुरात एकाच उस्तादांकडं काम करायचो. भूकंपानंतर मदतीच्या जीपा उखडलेल्या रस्त्यांवरून परत यायच्या, कुणाचे पाटे तुटलेले, कुणाचं स्टिअरिंग खुळखुळं झालेलं. मी आयटीआय केलेला. पुस्तकाप्रमाणं एकेक भाग खोलून बघायचो. अझीमभाई चौथी शिकलेले. ते गाडीखाली आडवे व्हायचे, स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडलेला असतो त्या सांध्यावर नुसता तळवा ठेवायचे आणि मला वर बसवायचे.

"दत्ता, स्टिअरिंग हलव. हळू रे, सासऱ्याची गाडी न्हाई ती."

मी हलवायचो. केसाएवढी ढिलाई त्यांच्या तळव्याला कळायची. "हाय. बदलून टाक." खोलल्यावर जोड झिजलेलाच निघायचा. मला ते कधीच जमलं नाही... तळवा मलाही होता, ग्रीसही तेच होतं. गिऱ्हाईक मात्र दारात येऊन विचारायचं, "अझीमभाई हाय का?"

पुढं आम्ही वेगवेगळी गॅरेजं टाकली. शहरात क्लासेसचं पेव फुटलं. लोह्याची, हदगावची पोरं वसतिगृहातून क्लासला नेणाऱ्या व्हॅन जिकडंतिकडं दिसू लागल्या. एका मोठ्या क्लासच्या सगळ्या व्हॅन अझीमभाईंकडं असायच्या. एके दिवशी मी त्या क्लासच्या सरांना गाठलं. म्हणालो, "सर, सांगताना वाईट वाटतं, पण अझीमभाईंचा हात कापायला लागलाय. पोरांच्या गाड्या आहेत, म्हणून बोललो."

धादांत खोटं होतं ते. आठवड्याभरात सगळ्या व्हॅन माझ्या दारात आल्या.

महिन्यानं त्यातलीच एक व्हॅन रस्त्यावर भरकटू लागली. मी शॉकअप बदलले, तीनदा अलाइनमेंट केली, फरक पडेना. शेवटी लाज गिळून अझीमभाईंना बोलावलं. ते आले, खाली झोपले, म्हणाले, "हलव." दोन मिनिटांत सापडलं. स्टिअरिंग बॉक्स चासीला ज्या बोल्टांनी आवळलेला असतो, तेच ढिले होते. मी स्टिअरिंग फिरवलं की अख्खा बॉक्स हलायचा.

"आयटीआयवाले बोल्ट आवळत न्हाईत का रे?" ते हसले. मग काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलला. थेंब सांडला नाही. जाताना म्हणाले, "सरांनी विचारलं तर तूच शोधलं म्हण."

मी तसंच म्हणालो.

मागच्या आठवड्यात राहवेना म्हणून सरांकडं गेलो आणि सगळं कबूल केलं. सर गोंधळले. "पण हात कापत होता की त्यांचा! तुम्ही बोललात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना भेटलो. म्हटलं, दत्ताभाऊ असं असं म्हणतात. त्यांनी हात पुढं केला. चांगला थरथरत होता. म्हणाले, दत्ता खरं बोलतो."

म्हणजे माझ्या व्हॅनखाली झोपले तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. सरांच्या पायऱ्या उतरताना रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला.