वीतभर मासा

परवा देवळाली कॅम्पात रद्दीवाल्याकडे तो जुना दिवाळी अंक हाती आला. उघडताच कुबट वास आला आणि ओट्यावर लिहीत बसलेले माझे वडील, अण्णा, दिसले. मासिकांतल्या गळ टाकून मासे धरण्याच्या गोष्टी वाचून वाचून त्यांनीही दारणा नदीत स्वतः धरलेल्या माशाची गोष्ट लिहिली होती.

"अण्णा, वीतभर मासा कोण छापेल? हातभर करा," मी म्हणाले.

त्यांनी शब्द खोडला. पेनाची ती खरखर अजून ऐकू येते.

गोष्ट याच अंकात छापून आली, पण अण्णा पुन्हा कधी गळ घेऊन नदीवर गेले नाहीत. "आता वीतभर मासा कुठल्या तोंडाने घरी आणू?" म्हणाले. तेव्हा मी हसले होते.

अंकात मासा अजून हातभरच आहे. खोडायला अण्णा नाहीत.